मी साधनाच्या गळ्यात राहते

मी एक जुनी आणि आता बरीचशी थकलेली ग्रंथी आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. जिच्या शरीरात मी चाळीस वर्षांहून अधिक काळ राहते आहे, त्या साधनानंही मला पाहिलेलं नाही. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझं नाव अवटू ग्रंथी असं छापलेलं असतं. दवाखान्यात मला थायरॉईड म्हणतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या जरा खाली, श्वासनलिकेला दोन्हीकडून बिलगून मी बसलेली असते. वजन दोन तोळ्यांच्याही आत.

साधना आईच्या पोटात जेमतेम तीन-चार आठवड्यांची होती, तेव्हा मी तयार होऊ लागले. पण गळ्यात नाही, जिभेच्या मुळाशी. तिथून हळूहळू खाली सरकत मी माझ्या जागेवर आले आणि साधना जन्माला येण्याआधीच कामाला लागले.

माझं काम तसं साधं आहे. मिठातून येणारं आयोडीन मी रक्तातून उचलते आणि त्यापासून थायरॉक्झिन नावाचं संप्रेरक बनवते. ते पोचवायला मला नळी लागत नाही. मी ते थेट रक्तात सोडते आणि रक्त ते अंगभर नेतं. खाल्लेल्या अन्नातून किती शक्ती काढायची, अंग किती ऊबदार ठेवायचं, हृदयानं किती वेगानं चालायचं, हे त्यावरून ठरतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. रक्तात माझा माल कमी पडला की ती मला निरोप धाडते, 'वाढव'. पुरेसा झाला की निरोप कमी करते. स्वादुपिंड साखर सांभाळतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी भीतीच्या आणि ताणाच्या वेळी धावून येतात. आम्ही एकमेकींना भेटत नाही, तरी एकीचं बिनसलं की दुसरीला कळतं.

साधना विसाव्या वर्षी लग्न होऊन घाटंजीजवळच्या एका खेड्यात आली. नवरा धम्मरत्न घाटंजीच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला होता. घरात सासू सत्यभामा, तोंडानं तिखट आणि कामाला वाघ. साधना कापूस वेचायला जाऊ लागली आणि पहिल्याच हंगामात तिचं नाव झालं. बाकीच्या बाया दिवसाला तीस-पस्तीस किलो वेचत, साधना पंचेचाळीसच्या खाली येत नसे. सत्यभामा शेजारणींना सांगायची, "माह्या सुनेचे हात पाहा वं, जसं मशीन हाय." कौतुक हातांचं व्हायचं. त्यात थोडा वाटा माझा होता, पण गळ्यातल्या ग्रंथीचं कौतुक कोण करतो? मला त्याचं वाईट वाटत नसे.

दोन हजार चार साली पायल जन्मली. त्यानंतर काही महिन्यांतच माझे वाईट दिवस सुरू झाले.

शरीरात जंतूंशी लढणारे पहारेकरी असतात. ते मलाच परकी समजले. असं का होतं, हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही, पण बाळंतपणानंतर काही बायकांच्या बाबतीत होतं खरं. ते माझा एकेक कोपरा पोखरू लागले. पियुषिका निरोपावर निरोप धाडत होती आणि माझ्याच्यानं काम होत नव्हतं. मी सुजले, पण माल निघेना.

साधनाला मार्च-एप्रिलच्या उन्हातही थंडी वाजू लागली. वऱ्हाडातल्या उन्हात ती गोधडी शोधायची. केस गळू लागले, कातडी खरखरीत झाली, आवाज घोगरा झाला. खाणं कमी आणि अंग मात्र फुगलेलं. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, म्हणून तिनं त्या साबण लावून काढून टाकल्या. वेचणी पंचेचाळीसवरून वीसवर आली. बोंडाकडे हात न्यायचा हे तिला कळायचं, पण हात उशिरा जायचा. संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसायची आणि डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं.

मित्रांनो, एरवी कुणीतरी विचारलं असतं की हिला झालंय तरी काय. पण ती वर्षंच तशी होती. शेतं पांढरीशुभ्र फुटायची, पण कापसाला भाव नव्हता, डोक्यावर कर्ज होतं, आणि त्यांच्याकडे पाहून कुणाच्या चेहऱ्यावर हसू येत नसे. जिनिंग आठवड्यातून दोन-तीन दिवस चालायचं. धम्मरत्न उरलेले दिवस ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. गावातल्या कितीतरी शरीरांत अधिवृक्क ग्रंथींना रात्रंदिवस उसंत नव्हती. सगळं गावच खचलेलं असताना एका सुनेचं खचणं कुणाच्या नजरेत भरणार?

एकदा बुद्धविहाराच्या अंगणात आरोग्य शिबिर भरलं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. रांग मोठी होती. साधनाचा नंबर आला तेव्हा त्यांनी विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, जीव नकोसा होतो का. तिनं मान हलवली. "टेन्शन आहे," ते म्हणाले आणि गोळ्यांचं पाकीट दिलं. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. त्यांचाही इरादा वाईट नव्हता. त्या दिवशी त्यांच्यासमोर शंभर माणसं होती आणि शंभरच्या शंभर जणांना टेन्शन होतं. त्या गोळ्यांनी साधना आणखी सुस्तावली.

पुढच्या जानेवारीत ते घडलं. दुपारी चूल पेटलेली होती. सत्यभामा पाण्याला गेली होती. साधना पायलला मांडीवर घेऊन बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. दीड वर्षाची पोर मांडीवरून उतरली, दुडुदुडु चुलीपाशी गेली आणि तिनं निखाऱ्यावर हात टेकवला.

किंकाळीनं शेजारीण धावत आली. साधना जागी झाली तेव्हा पायल शेजारणीच्या कडेवर होती आणि तिच्या तळहातावर फोड आले होते. सत्यभामानं हंडा दारातच ठेवला. ती ओरडली नाही. तिचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता.

"आळशीपणा मी सहन केला. लेकराचा जीव जाईन तं सहन नाही करीन. तू माहेरी जाय. पोरगी इथंच राहीन."

"आत्याबाई, मी मुद्दाम नाही झोपली," साधना म्हणाली.

"मंग काहून झोपली?"

 याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला तोंड नव्हतं. स्वरयंत्राच्या इतकी जवळ राहूनही मी एक शब्द बोलू शकत नव्हते. रात्रभर साधनाला वाटत राहिलं की सासूचं खरं आहे, आपल्यातच काहीतरी वाईट आहे.

दोन दिवसांनी धम्मरत्न तिला घेऊन घाटंजीला आला. माहेर केळापूरकडे, म्हणून पांढरकवड्याची एसटी धरायची होती. बाजाराचा दिवस होता. स्टँडकडे जाताना त्याचं लक्ष तिच्या मोकळ्या हातांकडे गेलं. तो खाली मान घालून म्हणाला, "बांगड्या भरून घे. अशा हातानं माहेरी नको जाऊ."

रुपीबाईचं बांगड्यांचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच असायचं. साधनाच्या लग्नापासून तिच्या हाती बांगड्या हीच भरत आली होती. तिनं न विचारता नेहमीच्या मापाच्या बांगड्या काढल्या, साधनाचा हात हातात घेतला आणि थांबली.

"हा हात तुहा नोहे," ती म्हणाली. तिनं तळवा दाबला, मनगट दाबलं, मग चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "दोन वर्षांत दोन मापं वाढली. अन् हात बर्फासारखा गार. बोल बरं काही."

"काय बोलू?" साधना म्हणाली.

"आवाजबी गेला. मान वर कर." साधनानं मान वर केली. रुपीबाईनं तिला थुंकी गिळायला लावली आणि माझी सूज गळ्यात वरखाली होताना पाहिली. मग ती धम्मरत्नकडे वळली. "भाऊ, हिले कुठं नेऊन राह्यला?"

"माहेरी."

"माह्या नणंदेचं डिट्टो असंच झालतं. सारे म्हणत, बाहेरचं लागलं. यवतमाळले नेलं, रक्त तपासलं, तं गळ्यातली गाठ बिघडली म्हणे. आता चांगली नांदते. हिले माहेरी नको नेऊ, दवाखान्यात ने."

स्टँडवर दोन गाड्या उभ्या होत्या, एक पांढरकवड्याची, दुसरी यवतमाळची. पांढरकवड्याच्या गाडीत कंडक्टर घंटी मारायच्या तयारीत होता. धम्मरत्न हातात पिशवी घेऊन मधोमध उभा राहिला. आईचा शब्द त्यानं आजवर मोडलेला नव्हता. गाडी हलली तेव्हा साधना तिच्याकडे निघाली. त्यानं तिचा दंड धरला.

"यवतमाळले जाऊ," तो म्हणाला. "मायले काय सांगायचं ते मी सांगीन."

यवतमाळच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी साधनाला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं आणि घोट्याच्या मागं छोट्या हातोडीनं हलकेच ठोकलं. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्यानं भारी वेळ घेतला. बाई स्वतःशीच हसल्या, जसं हरवलेलं काही सापडावं. मग रक्त घेतलं. पियुषिकेचा जो निरोप रक्तात पाचच्या आत असायला हवा, तो शंभराच्या वर निघाला. बिचारी वर्षभराहून अधिक काळ माझ्या नावानं ओरडत होती आणि ते ओरडणं आता कुठे कुणीतरी कागदावर वाचलं.

बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. गळ्यातली ग्रंथी काम करत नाही, म्हणून सगळं शरीर मंद चालतं. जे ग्रंथी बनवत नाही, ते गोळीतून द्यायचं. रोज सकाळी उपाशीपोटी, आणि बरं वाटलं तरी बंद करायचं नाही. आधीच्या गोळ्या त्यांनी थांबवल्या.

 साधनानं विचारलं, "म्हणजे मॅडम, मी वाईट नव्हती?"

 धम्मरत्न खिडकीबाहेर पाहू लागला.

गोळी हळूहळू लागू पडली. दीड-दोन महिन्यांनी साधनानं स्वतःहून गोधडीची घडी घातली. मग चेहऱ्याची सूज उतरली. पायल भाजलेल्या हाताचा डाग दाखवायला तिच्याकडेच धावत येऊ लागली. धम्मरत्नच्या शब्दावर सत्यभामानं सुनेला घरात घेतलं होतं, पण गोळीवर तिचा विश्वास नव्हता. ती दुरूनच पाहत राहायची. महिना, दोन महिने, तीन महिने.

चौथ्या महिन्यात एका दुपारी साधना तूर पाखडत बसली होती. सत्यभामा येऊन समोर बसली.

"तुले थंडी वाजे ना वं? उन्हातबी?"

"हो."

"अन् आवाज बसलता."

"हो, आत्याबाई. काहून?"

सत्यभामा सुपातली तूर बोटानं इकडेतिकडे करत राहिली. "माह्या मायचं असंच होतं. उन्हाळ्यात घोंगडं घेऊन बसे. गळा असा सुजलेला. आमी म्हणो, बसून बसून खाते, म्हणून फुगली. बाप मारे तिले. मी बारा वर्षांची होती. मीबी म्हणलं तिले, आळशी." ती थांबली. "मेली तवा तोंडातून आवाज निघत नव्हता तिच्या. काहीतरी मागून राह्यली होती मले, पानीच असन. मी पानी आणाले उठली नाही."

मग तिनं हात पुढे केला आणि साधनाच्या गळ्यावर ठेवला. मला पाहिलं होतं रुपीबाईनं, तपासलं होतं डॉक्टरीणबाईंनी. मायेनं हात लावणारी मात्र सत्यभामाच पहिली.

मित्रांनो, मी आता फारसं काम करत नाही. माझं काम ती गोळी करते आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझी मागणी फार मोठी नाही. एखादं माणूस अचानक मंद झालं, गप्प झालं, रडू लागलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याचा हात हातात घ्या. तो गार आहे का पाहा. त्याला दवाखान्यात न्या. ते आळशी आहे की आजारी, हे आम्ही आतून सांगू शकत नाही. आम्हाला तोंड नाही. सत्यभामाच्या आईला तोंड होतं, तरी तिचं कुणी ऐकलं नाही.