अक्षर बारीक

राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीनं कारखान्यांसाठी चॅटचा प्रोग्रॅम बनवला होता. ऑफिसातनं स्टोअरला, स्टोअरमधनं गेटवर निरोप धाडायचा, फोनची गरज नाही. दोन हजार पाच साली कागलच्या एमआयडीसीत चार ठिकाणी तो चालत होता आणि त्याची निगा राखायला माणूस एकच, दीक्षा.

लोकांच्या सूचना संपत नव्हत्या. कुणाला हसरे चेहरे हवेत, कुणाला निरोप आल्यावर घंटी, कुणाला तीच घंटी बंद करायची सोय. एकानं नुसतंच 'बरं नाही' असं लिहिलेलं. दीक्षा सगळं उतरवून घ्यायची. त्यातलं विकायला सोपं तेवढं मालक सयाजीसर निवडायचे. या महिन्यात हसरे चेहरे निवडले होते.

एका फाउंड्रीच्या स्टोअरमधून मात्र दर महिन्याला एकच ओळ यायची, 'अक्षर बारीक.' पाचव्यांदा आली तेव्हा कंटाळून तिनं कळवलं, मॉनिटरचं सेटिंग बदला. सहाव्यांदा पुन्हा तेच. मग ती वैतागून बसनं कागलला गेली.

स्टोअरकीपर गणपतरावांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सेटिंग बदललं की मालाच्या नोंदीचा प्रोग्रॅम अर्धा पडद्याबाहेर जातो, असं ते सांगत होते, तेवढ्यात पडद्यावर निरोप आला. ते पुढं वाकले, मागं सरकले, आणि चष्मा घरी राहिला म्हणत शेजारच्या कारकुनाला बोलावलं.

कारकुनानं मोठ्यानं वाचलं, "रजा नामंजूर. मुलीच्या घरचं भांडण रविवारी मिटवा."

माल उतरवणारे हसले. गणपतरावही कसनुसे हसले. कारकून गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "मोतीबिंदू हाय, म्याडम. सांगितलं तर स्टोअर काढून घेतील. म्हणून अक्षरावर ढकलत आलो."

दीक्षाला तिनं पाठवलेलं उत्तर आठवलं.

परत आल्यावर तिनं हसरे चेहरे बाजूला ठेवले. एका माणसासाठी तीन दिवस घालवतेस का, असं सरांनी विचारलं. मोतीबिंदूचा विषय तिनं काढला नाही. चार कारखान्यांत चाळिशी लागलेले बरेच असतील, एवढंच म्हणाली. सरांनी अडवलं नाही, पण ते खूश नव्हते.

चौथ्या दिवशी सीडी घेऊन ती पुन्हा स्टोअरमध्ये गेली. अक्षर चांगलं बोटभर झालं, पण निरोप पाठवायचं बटण चॅटच्या खिडकीबाहेर गेलं. दीक्षानं कपाळ चोळलं. अजून दोन दिवस लागतील म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या. एंटर हाय की," गणपतराव म्हणाले.

एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी ऑफिसला कळवलं: रजा बिनपगारी धरा, उद्या मुलीकडं जाणार. थोड्या वेळानं उत्तर आलं. कारकून सवयीनं उठला, तसं त्यांनी हातानंच त्याला बसायची खूण केली. ओठ हलवत सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि खिडकी बंद केली.

उत्तर काय आलं, ते त्यांनी सांगितलं नाही. दीक्षानंही विचारलं नाही. सीडी पिशवीत टाकून ती बसथांब्याकडं निघाली. पाय दुखत होते, आणि बटणाचं काम राहिलंच होतं.