बहिणीच्या वाट्याची कोंबडी

प्रेमानंदाचं हुमनाबाद रस्त्याला कोंबड्यांचं शेड होतं आणि त्याचा बहिणीवर फार जीव होता. निदान मंगल तरी गावभर तसंच सांगत फिरायची. तिच्या नवऱ्याचं, तात्यारावाचं, मुतखड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दर रविवारी प्रेमानंद शेडातली कोंबडी घेऊन जनवाड्याला हजर व्हायचा. मंगल ती साफ करायची, रस्सा करायची; नवऱ्याची लघवीची पिशवीही तीच रिकामी करायची. भाऊ असावा तर असा, म्हणून शेजारणींना जळवायची.

मग तात्यारावाला हुडहुडी भरली. बिदरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली आणि शेडातल्या कोंबडीचं कळल्यावर बहीणभावाला बाजूला घेतलं.

"जंतू रक्तात गेलेत. रिपोर्टला वेळ लागेल, औषध आत्ताच ठरवायचंय. कोंबड्यांना पाण्यातून अँटिबायोटिक देता का?"

"कोंबडीचा रोग दाजीला कसा लागंल, साहेब?" प्रेमानंद म्हणाला.

"रोग नाही लागणार. पण औषधाला न जुमानण्याचा गुण कोंबडीतल्या जंतूंकडे जनुकांच्या एका छोट्या तुकड्यात असतो. कच्ची कोंबडी साफ करताना हाताला लागून ते पोटात गेले की तो तुकडा ते माणसाच्या जंतूंना देऊन टाकतात. खरं सांगा, म्हणजे मी दुसरं औषध देईन."

प्रेमानंदानं मंगलच्या डोक्यावर हात ठेवला. "अक्काची शपथ. निस्तं पाणी असतंय."

डॉक्टरांनी नेहमीचं औषध चालू केलं. भावावर संशय घेतला म्हणून मंगल त्यांच्यावरच फणफणली.

ताप मात्र हटेना. प्रेमानंदाला नवऱ्यापाशी बसवून मंगल आंघोळीला त्याच्या घरी गेली. भावजय पंचशीला मोरीपाशी गावरान कोंबडी साफ करत होती.

"शेडात एवढ्या असताना ही कामून आणलीस गं?"

"शेडातली आमी तोंडात घालत न्हाई, अक्का. तेंच्या पाण्यात औषध असतंय. लेकरांना चुकून बी देऊ नगो म्हनलेत हेनी."

शेडाचं नाव राखायला भाऊ खोटं बोलला, ते एक वेळ मंगलनं गिळलं असतं. पण दर रविवारी कोंबडी पिशवीत घालताना त्याला स्वतःच्या लेकरांची ताटं आठवत होती, आणि तिचं आठवत नव्हतं. ती आंघोळ न करताच परतली आणि भावासमोरच डॉक्टरांना सगळं सांगितलं. प्रेमानंद मान खाली घालून बाहेर गेला.

नव्या औषधानं ताप उतरला, पण तोवर तात्यारावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी मेव्हण्याचीच चौकशी केली.

"प्रेमानंद लई राबायलाय आपल्यासाठी. जेवला का त्यो?"

"जेवला असंल," मंगल म्हणाली. "तेच्या घरी गावरान शिजायलंय."