बोकोव्ह गुणांक

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत मावशी परदेशी शिकायला निघालेल्या पोरांचा वर्ग घ्यायची. तशी ती एकाच मुलीची मावशी, पण ते नाव सगळ्या वर्गाने बळकावलं होतं. जन्मभर इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रं शिकवून निवृत्त झालेली ही बाई अर्ज कसे भरायचे यात वेळ घालवत नसे. ते पोरांना तिच्यापेक्षा चांगलं जमायचं. ती शिकवायची ते एकच, 'माहीत नाही' म्हणायला.

त्याला कारण होतं. तिचा एक फार हुशार विद्यार्थी तिकडच्या प्रयोगशाळेत प्रत्येक गोष्टीला "हो, येतं" म्हणत मान डोलवत राहिला, आणि एक दिवस न येणारं यंत्र चालवून त्याचा पार भुगा करून बसला. वर्षाच्या आत स्वारी घरी परत. तेव्हापासून मावशीने हुशार पोरांचा धसकाच घेतला होता.

त्यामुळे नव्या तुकडीचं स्वागत ती लोणकढी थाप मारून करायची. यंदा तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं, की वाफेच्या नळीत बोकोव्ह गुणांक वाढला तर काय होईल. पहिल्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला, नळी तापेल. शेजारच्याने ती गार पडते असं ठासून सांगत फळ्यावर आलेखच काढला. तिसऱ्याला तर तो चौथ्या सेमिस्टरला होता, पण परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी वगळला होता. सगळ्यांचं होईपर्यंत मावशी मान डोलवत होती. मग तिने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे शेजारच्यांचा बोका अंग चाटत बसला होता. गुणांक त्याच्यावरूनच सुचल्याचं तिने सांगितलं, तेव्हा आलेख काढणाऱ्याने तो गुपचूप पुसून टाकला.

सगळ्यात सुंदर उत्तर तिच्या सख्ख्या भाचीचं होतं. बोकोव्ह कुठल्या शतकातला, हेही तिने सांगून टाकलं होतं. ही भाची शाळेसाठी म्हणून मावशीकडे राहायला आली ती तिथलीच झाली. घरात दोघीच. रोज संध्याकाळी चहाबरोबर कशावरून तरी भांडायचं, हा त्यांचा नेम. वर्ग तिला सर्वज्ञ म्हणायचा आणि ती ते कौतुक समजायची.

आता तिच्या मुलाखतीचा दिवस ठरला होता. तिकडच्या प्राध्यापकबाई स्क्रीनवरून प्रश्न विचारणार आणि आवडली तर प्रयोगशाळेत जागा देणार. मावशीने तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली. 'माहीत नाही' म्हणायचं, आणि तिथे थांबायचं नाही. 'पण असं शोधून काढीन' हे पुढचं वाक्य बोलायचंच. भाची आरशासमोर पुढचं वाक्य झकास म्हणायची, पण पहिलं काही तिच्या घशाबाहेर पडेना.

मुलाखतीच्या वेळी मावशी दाराला कान लावून उभी राहिली. सुरुवात छान झाली. मग प्राध्यापकबाईंनी धातूच्या पातळ थरातली उष्णता मोजण्याच्या कुठल्याशा नव्या पद्धतीबद्दल विचारलं. मावशीचा जीव टांगणीला लागला. खरं सांगायचं तर एक क्षण तिला वाटून गेलं, की मारावी पोरीने थाप, पडावी तोंडघशी आणि राहावी इथेच. लगेच तिला स्वतःचाच असा राग आला, की दारावर डोकं आपटावं.

तेवढ्यात आतून भाचीचा आवाज आला. ही पद्धत मला माहीत नाही, ती म्हणाली. आणि मग ती कशी शोधून काढता येईल हे भाची इतकी रंगून सांगायला लागली, की तिकडून प्राध्यापकबाईही त्यात उतरल्या. दोघींचं वेळेचं भान सुटलं. जागा मिळाली.

निघायच्या दिवशी टॅक्सी दुकानासमोर उभी राहिली. सामान चढवता चढवता भाचीने सहज विचारलं, की तिकडच्या निर्वात टाकीला ती वेलमन झडप असते, ती आधी उघडायची की नंतर?

"नंतर," मावशी तत्काळ म्हणाली. "आधी दाब उतरू द्यायचा. घाई केलीस तर झडप चिकटून बसेल."

भाची नुसती बघत राहिली. मग मावशीला उमगलं, वेलमन झडप नावाची चीज जगात नसतेच. दर तुकडीला चकवणारी बाई भर रस्त्यात चारी मुंड्या चीत झाली होती. दोघी इतक्या हसल्या, की टॅक्सीवालाही कारण न कळता हसला.

हसू ओसरल्यावर भाचीने टॅक्सीचं दार धरून ठेवलं.

"मी गेल्यावर संध्याकाळी भांडशील कुणाशी गं?"

मावशीकडे उत्तरं तयार होती. वर्ग आहे, पुस्तकं आहेत, अगदी कुणी नाही तर बोका आहे. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

भाचीने तिला घट्ट मिठी मारली.

"पुढचं वाक्य राहिलं, मावशी."

मावशीने पदराने नाक पुसलं. "शोधते," ती म्हणाली. "तू पोचलीस की फोन कर. तिथूनच सुरुवात करू."