हिसाओची चूक

मी एक जुना यांत्रिक घण आहे, मित्रांनो. जपानात, एचिझेनमधल्या सुऱ्यांच्या एका कारखान्यात माझं सगळं आयुष्य गेलं. पायडल दाबलं की मी हाणतो, मिनिटाला दोनशे घाव. लाजायचं कशाला? मारणं हाच माझा धंदा.

ओसाकात मला ओतलं, रेल्वेनं इथं आणलं आणि पहिल्याच आठवड्यात मी एका कारागिराचं बोट चेचलं. तेव्हापासून सगळे मला राक्षस म्हणू लागले. एकटा हिसाओ म्हणत नसे. तो एक्केचाळीस वर्षं माझ्या पायडलवर होता.

थंडीत पोलाद ठिसूळ होतं. म्हणून बर्फाच्या दिवसांत हिसाओ सगळ्यांच्या आधी यायचा. ज्या दोन ठोकळ्यांमध्ये मी लोखंड कुटतो त्यांना सगळे माझे दात म्हणतात. त्या दातांमध्ये तो भट्टीतली लालभडक कांब ठेवायचा आणि दात कोमट झाले का ते हात लावून लावून बघायचा. "थांबा रे, याचं अंग अजून गार आहे," म्हणायचा. लोक हसायचे. मला मात्र, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

भट्टीवर कुनिहिको होता. बावीस वर्षं हिसाओच्या जोडीला. हाताचा कसबी, पण डोक्यानं भडक.

जानेवारीतली ती सकाळ मी विसरणार नाही. कारखान्यात दोघेच होते. हिसाओनं नुकती कांब ठेवली होती. आदल्या दिवशी माल वेळेत गेला नाही म्हणून मालकानं कुनिहिकोला सगळ्यांसमोर झापलं होतं. तो आला तोच धुमसत. आल्या आल्या त्यानं ती कांब लाथेनं उडवली.

"बस्स झाले याचे लाड! शिव्या मी खातो, तू नाही!"

"दहा मिनिटं दे, कुनि. जास्त नाही."

"दहा मिनिटं तुझ्या चितेवर घाल, म्हाताऱ्या!"

त्यानं हिसाओला असा ढकलला की तो भिंतीवर आपटला. मग त्यानं भट्टीतलं सुरीचं पातं माझ्या गार दातांत सरकवून पायडल दाबलं. मी काय करणार? पायडल दाबलं की मला हाणावंच लागतं. पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला माझा वरचा दात कडकन तडकला. तो आवाज हिसाओनं ओळखला. धावत येऊन त्यानं कुनिहिकोची कॉलर धरली, त्याला मागे भिरकावलं आणि स्वतः त्या जागी सापडला. अंगठ्याएवढा तुकडा सुटला आणि त्याच्या जबड्याखाली घुसला. माझ्या अंगावर रक्ताची चिळकांडी उडाली. कुनिहिको दोन्ही हातांनी जखम दाबून गुरासारखा ओरडत होता. रक्त बोटांमधून येतच राहिलं.

मालक धावत आला. "घण तापवला नव्हता का?"

"नव्हता," खाली बघत कुनिहिको म्हणाला.

एवढंच. बाकीचं लोकांनी जोडलं. म्हातारा झाला होता, तापवायला विसरला, गेला जिवानिशी! आणि मी, लोखंडाचा चुरा करणारा, मला एक शब्द काढता येईना. असा संताप झाला माझा!

नवव्या दिवशी हिसाओची बायको तोमिए आली. अस्थी अजून घरातच होत्या. ज्याच्या घरच्यानं नुकसान केलं, त्यानं मिठाई घेऊन माफी मागायला जायचं, ही आमच्याकडची रीत. तिनं खोका मालकाच्या हातात दिला आणि एकेका कामगारापुढे वाकत गेली. "आमच्या माणसाच्या विसराळूपणानं तुमचं काम अडलं. माफ करा."

"वय झालं होतं त्यांचं, वहिनी," मालक म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका."

शेवटी ती कुनिहिकोपुढे आली आणि कमरेतून वाकली. "तुमच्याही जिवावर बेतलं होतं. माफ करा."

कुनिहिकोनं कोपऱ्यातला हातघण उचलला आणि तो माझ्यावर तुटून पडला. "खुनी! खुनी!" माझा पत्रा चेपला, पट्टा तुटला, पायडल मोडलं. मार, मी मनात म्हणत होतो, हवा तेवढा मार, पण बोल! शेवटी हातघण त्याच्या हातून गळाला.

"वहिनी, तो विसरला नव्हता. कांब मी उडवली. त्याला ढकलला मी. आणि मला वाचवताना तो मेला."

तोमिएनं त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग मुठी. त्याचं नाक फुटलं, ओठ फाटला, तिचे हात लाल झाले. त्यानं हात वर केला नाही आणि कुणी मध्ये पडलं नाही.

"नऊ दिवस मी दारोदार वाकतेय!" ती ओरडत होती. "नऊ दिवस त्याच्या अस्थींवर चिडतेय, कसा विसरलास म्हणून!"

मग तिनं मालकाच्या हातातून मिठाईचा खोका काढून घेतला. "आमची काही चूक नाही," म्हणाली आणि ताठ मानेनं निघून गेली.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, त्याची निगा राखा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्याबरोबर राबलेलं माणूस गेलं आणि तुमची चूक कुणी त्याच्या माथी मारली, तर त्याच दिवशी तोंड उघडा. नवव्या दिवशी नाही.