पिठाच्या डब्यातली कात्री

मास्तरांनी सकाळी कात्री मागितली तेव्हा मी कपबशा विसळत होते. ऐकूच आलं नाही असं दाखवून मी नळ मोठा सोडला.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शिंपी म्हणून गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, आणि लग्नानंतर मलाही तीच सवय लागली. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक पडदा. ते कापायचे, मी शिवायचे. त्यांनी कापलेलं कापड शिवताना कधी ओढूनताणून जुळवावं लागलं नाही. हे मी बायको म्हणून नाही, शिवणारी म्हणून सांगते.

"अगं, कात्री कुठंय?" ते पडद्याआडून म्हणाले. "बारकीचा कोट कापायचाय."

बारकी आमची मुलगी. दूरच्या एका थंड गावात तिला नोकरी लागली होती आणि त्या रविवारी ती निघणार होती. मास्तरांनी तिच्यासाठी राखाडी लोकरीचं कापड टेबलावर पसरून ठेवलं होतं. शीळ घालत होते. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोला बरं वाटलं असतं. मी नळ आणखी मोठा सोडला.

आमच्या घरात आनंदाचीच भीती वाटते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. दोन वर्षांपूर्वी मास्तर असेच खुलले होते. झोप नको, जेवण नको, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला वाटलं, चला, माणूस कामात रमला. वेडी मी. एका दुपारी बाजारातून परतले तर गिऱ्हाइकांची झाडून सगळी कापडं कापून झालेली. माप नाही, खडूची रेघ नाही, नुसती कात्री. नव्या तऱ्हेचे कपडे निघणार होते म्हणे, सगळं जग घालणार होतं. कापडं संपली म्हणून मधला पडदा कापला, मग चादरी. मी हात धरायला गेले तर हसून म्हणाले, "तुला यातलं काय कळतंय?" त्या दिवशी मी कात्री पहिल्यांदा लपवली.

मग ते उतरले. जो माणूस गप्प बसत नव्हता तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दाढी नाही, आंघोळ नाही. ताट पुढे ठेवलं तर ताटाकडे बघत बसायचे. शेजारचा ड्रायक्लीनवाला म्हणाला, "वहिनी, मास्तरांना जरा फिरवून आणा, मन रमेल." त्याला मी काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. एकदा मी वेणी घालत होते तर मागून मास्तर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी नसतो तर तुमचं दोघींचं बरं झालं असतं." तेव्हा कात्री पुन्हा लपवली. या वेळी कापडासाठी नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हा एकच आजार आहे, त्याची ही दोन टोकं. वर चढतो तेव्हा माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, आणि खाली जातो तेव्हा आपण कधी बरे होतो हेच आठवत नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. रक्त तपासायच्या तारखा दिल्या. म्हणाल्या, "या गोळीने हात थोडे थरथरतील. फार झालं तर मला सांगा, त्यावर उपाय आहे. पण मनाने बंद करू नका."

गोळ्यांनी मास्तर परत आले. रात्री झोपू लागले, बारकीची थट्टा करू लागले. हात मात्र थरथरायचा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे तरी बशीत सांडायचा. एकदा मी समोर बसून कात्री दिली, त्यांनी एक साधा खिसा कापायला घेतला आणि कड अशी वेडीवाकडी आली की त्यांनी ते कापड गुपचूप खिशात कोंबलं. नंतर कापायला बसलेच नाहीत, आणि कात्री मी परत लपवून ठेवली. मी दुरुस्तीची कामं घेऊन दुकान रेटत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हात कसा आहे? तर म्हणायचे, "उत्तम." मीही मान हलवायचे. माणूस जिवंत होता, झोपत होता. हाताचं काय घेऊन बसायचं, असं मला वाटायचं.

"आई, दे ना कात्री." बारकी माझ्यामागे येऊन उभी राहिली. "किती दिवसांनी स्वतःहून काही मागतायत."

"म्हणूनच."

"म्हणजे ते रडले तरी तुला भीती आणि हसले तरी भीती. त्यांनी करायचं काय? तू त्यांना बरं होऊच देत नाहीस, आई."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं तिखट. पण ती खोटं बोलत नव्हती. मी पिठाचा डबा काढला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि कात्री बाहेर काढली.

तरी मनात एक खूण ठेवली होती. आजार चढला की मास्तर खडू हातात घेत नाहीत, सरळ कापत सुटतात. खडू घेतला तर माणूस ताळ्यावर आहे. कात्री त्यांच्या हातात देऊन मी मशीनवर बसले आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिले.

त्यांनी कात्रीवर फुंकर मारली. "पिठात ठेवलीस? मी तांदळात शोधत होतो." बारकी हसली. मग त्यांनी खडू घेतला. टेपने बारकीचे खांदे मोजले, पुन्हा मोजले. पट्टी धरून रेघा मारल्या, शिलाईची जागा सोडली, एका जागी मारलेली रेघ पुसून परत मारली. माझे खांदे आपोआप खाली आले. कित्येक महिन्यांनी मी पाठ टेकून बसले असेन.

त्यांनी पाठीचा तुकडा कापला. पुढचे दोन्ही कापले. मग मुंढा आला. मुंढा म्हणजे जिथे बाही बसते ती गोलाई. तिथे पट्टी चालत नाही, सगळा हाताचा खेळ. मास्तरांनी कात्री लावली आणि न थांबता, न उचलता एका दमात गोलाई फिरवून आणली. तुकडा अलगद सुटला. कड पाण्यासारखी नितळ.

"बाबा," बारकी टाळ्या वाजवत म्हणाली, "बघ आई, बघ."

मी बघत होते. तशी कड त्या हाताने येणं शक्य नव्हतं.

"मास्तर," मी म्हणाले, "गोळी कधीपासून बंद आहे?"

त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. ते माझ्याकडे न बघता कडेवरून बोट फिरवत राहिले.

"तू हातावर गोळी ठेवतेस, मी जिभेखाली ठेवतो," ते म्हणाले. "खिडकीतल्या कुंडीत जाते. झाड एकदम शांत झालंय बघ."

बारकीने कुंडीकडे बघितलं.

"आणि कप? दोन्ही हातांनी धरत होतात."

"तुला दिसावं म्हणून. तू खडूकडे बघतेस तेही ठाऊक आहे मला." त्यांचा आवाज भराभर चालू लागला. "बारकीचा कोट दुसऱ्या कोणी कापायचा? मी गादीवर बसून बघायचं? तुम्ही मला बरं केलंत, मान्य. पण जो बरा होतो त्याला खिसासुद्धा कापता येत नाही. झोप नसली तरी मला काही होत नाही. पहाटे उठून मी बाकीची कामंही मनात आखून ठेवलीत. सगळ्या गल्लीला कोट पुरवीन. आण कापडं, हात आहे तोवर आण."

ते बोलणं मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वीही तोच वेग होता, तेच डोळे. आणि तरी त्यांचं अर्धं म्हणणं खरं होतं. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

बारकी रडकुंडीला आली. "मला कोट नको, बाबा."

"नको काय? बाह्या राहिल्यात."

"बाह्या मी कापीन," मी म्हणाले. जन्मात कधी कापलं नव्हतं. "तुम्ही रेघा मारून द्या. आत्ता डॉक्टरीणबाईंना फोन करू. हाताचं मी सांगते त्यांना, तुम्ही नाही सांगितलंत तर. आधीच सांगायला हवं होतं, माझंही चुकलं. त्या म्हणतील तसं गोळीचं बघू. हातावर उपाय आहे म्हणाल्या होत्या."

"आणि नाही जमला उपाय तर?"

मी कात्री उचलून पदराआड धरली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. बाई बराच वेळ बोलल्या. संध्याकाळी घेऊन या म्हणाल्या, तोवर एकटं सोडू नका, आणि आजची गोळी ठरल्याप्रमाणे द्या.

मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन समोर उभी राहिले. मास्तरांनी बारकीकडे बघितलं. मग गोळी घेतली, गिळली, आणि लहान मुलासारखं तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. ते बघून बारकीने तोंड फिरवलं.

मग त्यांनी उजवा हात टेबलावर, त्या राखाडी कापडावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे टक लावून बसले. हात अगदी स्थिर होता. एका गोळीने काही होत नाही, दिवस लागतात, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही तिघंही त्या हाताकडेच बघत होतो. ज्या हाताची आयुष्यभर शान मिरवली तो थरथरावा, लवकर थरथरावा, एवढंच मी मनातल्या मनात मागत होते.