दाराकडे पाठ

कोकिळानं शेणाचा शेवटचा हात ओढला, मागं सरकायला गेली आणि तिची पाठ देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला टेकली. समोर सबंध घर ओलं. उंबऱ्यापासून थेट तिच्या पायापर्यंत एकाला एक लागून अर्धगोल, अगदी देखणे. सारवण आतून सुरू करायचं आणि मागं सरकत दारात संपवायचं, हे उंद्रीतल्या सहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. कोकिळाला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"आता काय करशील वं?" सोजराबाईंनी दारातून विचारलं.

"वाळेपर्यंत उभी राहीन."

"राह्य. दुपार होते."

अंगणातल्या बाजेवरून सोजराबाईंच्या सासूबाई, बनाबाई, ओरडल्या, "काय झालं वं सोजरे?"

"काही नाही. मालकाची लेक कोंडली. बिनकुलपाची."

म्हातारी अशी हसली की बाजेची सुंभं कुरकुरली.

एरवी कोकिळाही हसली असती. पण आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. साखरखेर्ड्याच्या रंगरावांची ती एकुलती लेक. तीन विहिरींचे बागायतदार ते. अकोल्याला जाऊन नर्स होते म्हणाली, तेव्हा त्यांनी सुपारी अडकित्त्यात धरूनच सांगितलं होतं, "स्वतःचं ताट उचलत नाहीस, लोकायची घाण उचलशील? उंद्रीच्या सोजराबाईकडे महिनाभर चाकरी कर. निभली तर अकोला. नाही तर म्या दाखवीन त्या पोराशी लगन." सोजराबाईंच्या हाताखाली पंधरा दिवसांवर कुणी टिकलं नव्हतं, हे चौकशी करूनच त्यांनी घर निवडलं होतं.

पहिल्या दिवशी कोकिळा जेवून ताटावरून उठली आणि हातावर पाणी पडायची वाट पाहत उभी राहिली. सोजराबाई इतक्या चकित झाल्या की त्यांनी तांब्या ओतलाही. अर्धा रिकामा झाल्यावर दोघींच्या ध्यानात आलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं आपल्या पेटीतल्या चंदनी साबणानं म्हैस धुतली. संध्याकाळी पारडू आपल्याच मायला ओळखेना, लांब उभं राहून ओरडत राहिलं, म्हैस पान्हवेना, आणि घरानं दोन दिवस कोरा चहा प्यायला. मग तवा. अठरा वर्षं मुरलेला लोखंडी तवा तिनं चिंच-राखेनं घासून असा काढला, की शेजारणी त्यात पाहून कुंकू लावायला येत, असं उंद्रीत अजून छातीठोक सांगतात. भाकरी मात्र चार दिवस त्यावरून सुटली नाही.

रोज संध्याकाळी सोजराबाई म्हणत, "उद्या तुले बापाकडे धाडते." रोज सकाळी मुकाट्यानं झाडू हातात देत. कारण बनाबाईंची टाच. ती चिघळलेली, वासाची. सून असून सोजराबाई नाकाला पदर लावत. कोकिळा रोज ती टाच मांडीवर घेई, कडुनिंबाच्या पाण्यानं धुई, आणि म्हातारी शिव्या देऊ लागली की म्हणे, "आजी, कालची चांगली होती, तीच द्या."

अंगणात रंगरावांच्या दमणीच्या बैलांचे घुंगरू वाजले.

कोकिळा झटकन खाली बसली. शेणाचे हात पदराखाली घेतले, देवाकडे तोंड केलं, डोळे मिटले. इतक्या मनापासून तिनं देवाला कधी धरलं नव्हतं.

रंगराव उंबऱ्याशी येऊन थांबले. "पोरगी कुठं आहे?"

"देवापाशी," सोजराबाई म्हणाल्या. "आत नका येऊ मालक, ओलं आहे."

"तक्रार?"

सोजराबाईंनी एकदा चुलीजवळच्या चकचकीत तव्याकडे पाहिलं. "काहीच नाही."

"इतक्या दिवसांत?"

"तिले न्यायचं तर माहा पाय कोण धुईन, ते सांगून जा!" बाजेवरून बनाबाई कडाडल्या.

रंगरावांनी म्हातारीच्या टाचेकडे पाहिलं. पांढरं फडकं, नीट गाठ. मग ते पुन्हा दाराकडे वळले. त्यांची नजर उंबऱ्यापासून एकेका अर्धगोलावरून सावकाश आत गेली, थेट कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं जरा थांबली.

"बाबा," कोकिळा डोळे न उघडता म्हणाली.

त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "अकोल्याचा अर्ज. सही केली आहे." कागद सोजराबाईंच्या हाती देऊन ते दमणीकडे निघाले. चाकावर पाय ठेवल्यावर मागं न बघता म्हणाले, "दवाखान्यात फरशी असते म्हणे. बरं झालं."

घुंगरू लांब गेले.

"वं माय," सोजराबाई हळूच म्हणाल्या, "तुह्या बापाले सारवण समजते?"

कोकिळा उठली. ओल्यावरून तरातरा दारापर्यंत आली. मागं नऊ पावलं उमटली. कागदाकडे हात नेला, मग शेणाचा हात पाहून मागं घेतला. सोजराबाईंनी कागद पदराच्या टोकाला बांधला.

कोकिळानं अंगणातून शेणाची पाटी उचलली, पुन्हा कोपऱ्यात गेली, आणि या खेपेला दाराकडे पाठ करून बसली.