गोड होतं, पण साखर नव्हती

मी एक डबी बोलतेय. पत्र्याची, गोल, घट्ट झाकणाची, मुठीत मावेल एवढी. खरं म्हणजे चारचौघांत मान वर करून बोलावं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही. पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

लाँड्रीवाल्या काकांनी मला खोकल्याच्या गोळ्यांसकट विकत आणलं. गोळ्या संपल्या, खोकला तसाच राहिला. मग माझ्यात शर्टांची सुटी बटणं आली. एखाद्या गिऱ्हाइकाचं बटण तुटलं की काका मला टेबलावर पालथी घालून तसलंच शोधायचे, आणि काकू ते शिवून द्यायच्या. बरे दिवस होते ते.

पुढे काकूंना मधुमेह निघाला, इन्सुलिनची सुई सुरू झाली. दवाखान्यात त्या एकट्याच गेल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई घेऊन जेवण लांबवलंत तर साखर एकदम उतरेल. घाम, थरथर, चिडचिड, डोकं चालेनासं होणं, असं काही वाटलं की लगेच तीन चमचे साखर खायची आणि पंधरा मिनिटांनी मोजून बघायचं. काकूंनी माझ्यातली बटणं बरणीत ओतली, साखर भरली आणि मला ॲप्रनच्या खिशात टाकलं.

काकांना मात्र त्यांनी अर्धंच सांगितलं. "गोड बंद केलंय डॉक्टरांनी," एवढंच. मधुमेह झालेल्या बाईने साखर खायची, हे कुणाला पटवून द्यायचं? लोक हसतील, म्हणून त्या टांगलेल्या कोटांच्या आड जाऊन मला उघडायच्या.

एकदा काकांनी ते पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते पावलं न वाजवता मागे फिरले. बायको चोरून खाते, याची त्यांनाच लाज वाटली. काकू ॲप्रन काढून कपडे पोचवायला गेल्यावर त्यांनी मला रिकामं केलं आणि शुगर-फ्री पावडर भरली. दिसायला तश्शीच, चवीला गोड. "बिचारीची हौसही भागेल आणि त्रासही नाही व्हायचा," असं पुटपुटत त्यांनी झाकण लावलं. मला तर भरून आलं होतं. केवढी ही माया! आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग एके दिवशी एका हॉटेलच्या चादरी घाईने हव्या होत्या. काकूंनी सुई घेतली आणि म्हणाल्या, "एवढा ढीग उरकते, मग जेवते." इस्त्रीच्या वाफेत घाम कुणाला वेगळा दिसणार? एकाच अभ्र्यावरून त्या पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिल्या.

"काय गं, जीव जडला का त्या अभ्र्यावर?" काकांनी चिडवलं.

"तुम्ही गप्प बसा हो!" काकू खेकसल्या. एरवी हसल्या असत्या.

थरथरत्या हातांनी त्यांनी मला उघडलं, तोंडभर पावडर खाल्ली आणि माझ्या भरवशावर घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. माझ्याकडे होतं ते मी दिलं. काही उपयोग झाला नाही. त्या चादरींच्या ढिगावर बसल्या आणि बोलणं अडखळायला लागलं.

कोट न्यायला आलेल्या एक शिक्षिका पुढे धावल्या. "यांना साखर द्या, पटकन."

काका आडवे आले. "छे छे, शुगर आहे हो तिला. गोड चालतच नाही."

"इन्सुलिन घेतात का?"

"हो."

"मग साखर उतरली असणार. माझ्या मुलीचं असंच होतं. द्या आधी."

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "खाल्ली की... डबीतली..."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यात साखर नाहीये," ते म्हणाले. "मी बदलली."

सगळे माझ्याकडे बघत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

काकांनी इस्त्री बंद केली, चहासाठी ठेवलेली साखर पाण्यात ढवळून आणली. काकूंना अजून गिळता येत होतं, हे नशीब. "शुद्ध हरपली की तोंडात काही घालायचं नाही, सरळ अँब्युलन्स बोलवायची," शिक्षिका म्हणाल्या. काकूंच्या पिशवीतल्या साखर मोजायच्या मशीनवर आकडा भलताच खाली होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजला तेव्हा चढला होता. मग काकांनी त्यांना समोर बसवून जेवायला लावलं.

"मला सांगायचंस तरी," काका म्हणाले.

"काय सांगू? साखर खाते म्हणून?"

"मी तरी कुठे विचारलं," काका म्हणाले आणि खाली बघत राहिले.

आता मी काउंटरवर असते, सगळ्यांना दिसेल अशी. माझ्यात खरी साखर आहे. तरी काका मला पुसतात तेव्हा माझ्याकडे नीट बघत नाहीत, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. काकू मात्र येईल त्याला सांगतात, "मी वेड्यासारखं बोलायला लागले तर आधी यातली साखर द्या. भांडण मग करू."

तुमच्या घरातही कुणी आडोशाला जाऊन साखर खात असेल. त्याची डबी बदलू नका. आधी त्याला विचारा.